होडीतील कोरडी पेटी

मंडळी, भर समुद्रात रात्री इंजिन बंद पडले, तर बत्ती दाखवून मदत मागावी लागते. आणि आगपेटीच भिजलेली निघाली तर?

पाणी फळीतून शिरते असे आपण समजतो. ते शिरते सांध्यातून. लाकूड ओले झाले की रुंदीत फुगते, सुकले की आकसते. लांबीत मात्र जवळजवळ तसेच राहते. या ओढाताणीत सांधे उघडतात. म्हणून चांगला वाळलेला साग घ्यावा. चारही बाजूंच्या फळ्या आडव्या लावाव्यात, म्हणजे साऱ्या बरोबरच फुगतात. सांध्यांत तेलात भिजवलेल्या कापसाची वात ठासावी. स्क्रू पितळी असावेत. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते. झाकणाच्या कडा डब्याच्या झाकणासारख्या खाली उतरलेल्या असाव्यात, आणि आतून, पेटीच्या काठावर टेकेल अशी, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवावी.

आता परीक्षा. पेटीच्या काठावर खडू फिरवा, झाकण दाबून बंद करा, मग उघडून पाहा. रबरावर खडूची रेघ सलग उमटली तर ठीक. जिथे तुटली, तिथून पाणी येणार! मोठ्या जहाजांच्या मालखणांची झाकणेही अशीच तपासतात. गुरुजी, हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवा. खडू तर हाताशी आहेच.