साहित्याचं लग्न वाशीमला लागलं

सज्जनहो, ऐन तारुण्यातली गोष्ट. काशीहून शिकून आल्यासारखा तोरा होता माझा. रिसोडला कीर्तन होतं. पूर्वरंगातच मी भगवंताला एक विशेषण लावलं, 'भवतापदग्धजनमनःशीतलकारकचरणरज'. एका दमात म्हटलं बरं का! कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, तुमी लय चांगलं बोल्ले, पन कोनाबद्दल बोल्ले ते काई समजलं नाई."

त्या रात्री झोप लागली नाही. मग राजशेखराची 'काव्यमीमांसा' पुन्हा उघडली. इ. स. 900 च्या सुमाराचा हा ग्रंथकार, कनोजच्या दरबारातला. त्याच्या तिसऱ्या अध्यायात एक कथा आहे. सरस्वतीला मुलगा झाला, काव्यपुरुष. शब्द आणि अर्थ हे त्याचं शरीर, संस्कृत मुख, प्राकृत बाहू, रस आत्मा. उपमा, अनुप्रास हे अंगावरचे दागिने. याला म्हणतात रूपक. काव्य माणसा'सारखं' आहे असं म्हटलं तर ती उपमा झाली. काव्य माणूस'च' आहे म्हटलं की रूपक. आणि इथं दागिना वेगळा, आत्मा वेगळा, हे ध्यानात ठेवा.

हा मुलगा रुसून निघाला. त्याला बांधून ठेवायला गौरीनं एक कन्या निर्माण केली, साहित्यविद्यावधू. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली. पूर्वेकडे गेली तेव्हा तो बधला नाही. तिथं तो लांबलचक समासांत, अनुप्रासांच्या माळा लावून बोलला. ती गौडी रीती. पांचालात थोडा नरमला, समास कमी झाले. ती पांचाली. दक्षिणेत मात्र पुरता तिचा झाला, आणि तेव्हा जे बोलला त्यात समास नाही, अनुप्रास जागच्या जागी, आणि शब्दाचा अर्थ शब्दातूनच उमलणारा. ती वैदर्भी रीती. रीती म्हणजे बोलण्याची घडण. मग त्यांचा गांधर्वविवाह झाला. कुठं? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम हो! वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. तिथल्या सर्वसेन राजानं स्वतः 'हरिविजय' हे काव्य रचलं, आणि तेही प्राकृतात. प्राकृतात या रीतीचं नावच वच्छोमी, वत्सगुल्मावरून पडलेलं.

आणि मी कुठं बोलत होतो गौडी? वाशीमपासून एसटीनं तासाभराच्या गावात!

आता माझं तेच विशेषण सोडवून बघा. 'संसाराच्या उन्हात पोळलेल्याचं मन ज्याच्या पायधुळीनं निवतं, तो.' अर्थ तोच. पण म्हातारीच्या हाती लागला. समास वाईट नाही. रिसोडची पिंगलाक्षी देवीच घ्या. पिंगल म्हणजे पिंगट, अक्षी म्हणजे डोळ्यांची. हाही समासच, पण दोन शब्दांचा, लेकराच्या तोंडात मावणारा.

अनुप्रासाचं तर आजकाल विचारूच नका. 'पैसा, पद, प्रतिष्ठा, प्रॉपर्टी' म्हटलं की टाळी पडते. मीही घेतली आहे ती टाळी, खोटं कशाला बोलू? पण पैसा आणि प्रॉपर्टी एकाच तिजोरीतले. चौथा शब्द अर्थासाठी आला नाही, 'प'साठी आला. राजशेखर अनुप्रास टाकून द्या म्हणत नाही. वैदर्भीत तो जागेवर असतो, एवढंच सांगतो. तुम्ही पुढचं कीर्तन ऐकाल तेव्हा कोणता शब्द अर्थानं आला आणि कोणता नादानं ओढून आणला, बोटावर मोजून पाहा. माझ्या कीर्तनातही मोजा.

लग्नानंतर जोडपं हिमालयात परतलं. गौरी आणि सरस्वती एकमेकींच्या विहिणी झाल्या! दोघींनी नवरानवरीला कवींच्या मनात राहायला सांगितलं. गांधर्वविवाह, म्हणजे ना मांडव ना भटजी. मग वऱ्हाडी कोण होते म्हणाल? आपल्या मुलखाचं नावच वऱ्हाड! नावाची व्युत्पत्ती पंडितांना विचारा. एका शब्दातून दोन अर्थ निघाले, याला म्हणतात श्लेष.