स्वयंचलित केरसुणी

घर म्हटले की केर आलाच. सकाळी स्वच्छ झाडलेली खोली संध्याकाळपर्यंत पुन्हा मळते. पायांबरोबर माती येते, खिडकीवाटे धूळ येते, कपड्यांचे तंतू आणि डोक्याचे केस जमिनीवर पडतात. स्वयंपाक, धुणे आणि भांडी यांप्रमाणेच केर काढण्याचे कामही कधी संपत नाही. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला लक्ष्मी मानून तिची पूजा करतात. केरसुणीचा हा सन्मान योग्यच आहे. परंतु ती हाती धरून रोज कमरेत वाकणाऱ्या व्यक्तीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हे वाकणे कमी व्हावे म्हणून मनुष्याने जी यंत्रे निर्माण केली, त्यांतील अगदी अलीकडचे यंत्र म्हणजे स्वतः घरभर फिरून केर काढणारा यंत्रमानव होय.

या यंत्राची कुळकथा शंभर वर्षांहून जुनी आहे. धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने पाहिले. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसणार, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला आणि तोंडाने हवा आत ओढून पाहिली. रुमालाला धूळ चिकटली! याच तत्त्वावर त्याने १९०१ साली धूळ शोषणारे यंत्र तयार केले. मात्र ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून न्यावे लागे आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत.

हे यंत्र सामान्य घरात आणण्याचे श्रेय मोठे असलेल्या व्यक्तींत एक झाडलोट करणारा मनुष्य आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात रात्री साफसफाई करीत असे. त्याला दम्याचा विकार होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याला फार त्रास होई. १९०७ साली त्याने पंख्याची विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांच्या साहाय्याने हाताने ढकलता येणारे यंत्र बनवले. पुढच्याच वर्षी त्याला त्याचे पेटंट मिळाले. ज्याचा श्वास धुळीने कोंडत होता, त्यानेच धुळीवर उपाय शोधला.

तरीही ते यंत्र ढकलण्यास माणूस लागेच. ती गरजही पुढे कमी झाली. २००१ साली स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्स या कंपनीने ‘ट्रायलोबाइट’ नावाचे आपोआप फिरणारे यंत्र बाजारात आणले आणि २००२ साली अमेरिकेत ‘रूम्बा’ आले. अशा यंत्रास ‘रोबो’ असेही म्हणतात. हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या एका नाटकातून जगभर पसरला. चेक भाषेतील ‘रोबोटा’ या मूळ शब्दाचा अर्थ आहे वेठ, म्हणजे सक्तीने करावयाचे काम. माणसाच्या मागची वेठ यंत्राच्या मागे लागावी, हीच या शब्दामागची कल्पना होय.

हे यंत्र बहुधा मोठ्या ताटासारखे गोल असते. त्याची रुंदी सुमारे ३५ सेंटिमीटर आणि उंची ८ ते १० सेंटिमीटर असते. बाजूचा लहान ब्रश कोपऱ्यातील केर मध्याकडे लोटतो. पोटाखालचा फिरता ब्रश तो उचलतो. आतील पंखा हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आतील हवेचा दाब कमी होतो. मग बाहेरची हवा धुळीसह वेगाने आत शिरते. जड केर डब्यात पडतो, बारीक धूळ फिल्टरमध्ये अडकते आणि गाळलेली हवा बाहेर पडते. नळीने सरबत पिताना जे घडते, तेच येथे घडते.

परंतु डोळे नसलेले हे यंत्र चालते कसे? पुढच्या बाजूस एक हलणारी पट्टी असते. ती भिंतीवर किंवा खुर्चीच्या पायावर दबली की यंत्र दिशा बदलते. खालच्या बाजूस काही सेन्सर असतात. ते न दिसणारे अवरक्त किरण जमिनीवर टाकतात. किरण परतून आले, तर पुढे जमीन आहे. न आले, तर पुढे जिन्याची पायरी आहे, असे यंत्र समजते आणि मागे फिरते. सुरुवातीची यंत्रे आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलाप्रमाणे चाचपडत फिरत. पुढे लेसर किरणांनी किंवा कॅमेऱ्याने खोलीचा नकाशा तयार करणारी यंत्रे निघाली. अंगण सारवणाऱ्या कुशल हाताप्रमाणे ती ओळीने जातात आणि कोणता भाग राहिला, हेही लक्षात ठेवतात.

यंत्र निवडताना प्रथम दुकान नव्हे, तर आपले घर पाहावे. पलंग आणि कपाट यांच्याखालील उंची पट्टीने मोजावी; यंत्राची उंची तीहून अधिक असेल, तर जेथे केर सर्वांत जास्त साठतो, तेथेच ते पोहोचणार नाही. उंबरठाही मोजावा. बहुतेक यंत्रे दीड-दोन सेंटिमीटरच चढू शकतात. जुन्या घरांतील उंच उंबरठे त्यांना गडाच्या तटासारखे वाटतात. तेथे यंत्र उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवावे लागते. सारवलेल्या मातीच्या जमिनीवर तर या यंत्राचा उपयोग नाही, कारण ते केराबरोबर जमिनीचीच माती ओढू लागेल. तेथे केरसुणीच श्रेष्ठ.

जाहिरातीत शोषणशक्तीचे आकडे ‘पास्कल’ या एककात दिलेले असतात. कोठे २००० पास्कल, तर कोठे १०,००० हूनही अधिक. वातावरणाचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे प्रमाण कळते. परंतु केवळ मोठ्या आकड्यावर भुलू नये. ब्रश चांगला नसेल किंवा फिल्टर तुंबलेला असेल, तर मोठी शक्तीही वाया जाते. त्यापेक्षा सुटे ब्रश, फिल्टर आणि बॅटरी गावात मिळतात काय, दुरुस्ती कोठे होते आणि केराचा डबा केवढा आहे, या गोष्टी विचाराव्यात. यंत्रास कॅमेरा असेल व ते इंटरनेटला जोडायचे असेल, तर घरातील चित्रे कोठे जातात, याचीही चौकशी वडीलधाऱ्यांनी करावी.

यंत्र घरी आले तरी घराने त्याच्यासाठी थोडी तयारी करावी लागते. जमिनीवरील वायरी, मोजे, बुटांच्या नाड्या आणि लहान खेळणी उचलावीत. सतरंजीच्या दशा आत दुमडाव्यात. सांडलेल्या पाण्यावर किंवा दुधावर, केवळ कोरडा केर काढणारे यंत्र मुळीच सोडू नये. आत पाणी गेल्यास मोटर बिघडते. सणासुदीस विशेष जपावे. रांगोळी आणि केर यांतील भेद यंत्रास कळत नाही. ताईने तासभर खपून काढलेली रांगोळी ते क्षणात गिळून टाकील. जमिनीवर पणती किंवा समई तेवत असताना तर ते चालू करूच नये. पणतीला धक्का लागला, तर आग लागण्याचा धोका असतो.

यंत्र अडले की घाबरून जाऊ नये. वैद्य जसा लक्षणांवरून रोग ओळखतो, तसे लक्षणांवरून कारण शोधावे. यंत्र फिरते पण केर उचलत नाही, तर डबा भरला असेल, फिल्टर धुळीने बंद झाला असेल किंवा ब्रशाला केसांची गुंतवळ बसली असेल. ते एकाच जागी गोल गोल फिरत असेल, तर एखादे चाक अडकले आहे काय किंवा पुढची पट्टी दबूनच राहिली आहे काय, हे पाहावे. मोकळ्या सपाट जागेवरून ते मागे हटत असेल, तर खालचे सेन्सर मळलेले असावेत. ते कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत. काळ्या फरशीवरही असे घडते, कारण काळा रंग किरण शोषून घेतो आणि यंत्रास तेथे खड्डा असल्याचा भास होतो. आरसे आणि काचेची दारे लेसर किरणांना चकवतात. चार्जिंगच्या जागेकडे ते परत जात नसेल, तर ती जागा कोणी हलवली आहे काय, तिच्यासमोर काही सामान ठेवले आहे काय आणि धातूच्या पट्ट्या मळल्या आहेत काय, हे तपासावे.

कोणतीही सफाई करण्यापूर्वी यंत्र बंद करावे. फिल्टर धुण्याजोगा आहे, असे माहितीपुस्तकात लिहिले असेल तरच तो धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावा. बॅटरी कधीही उघडू नये. ती फुगलेली किंवा फार तापलेली दिसली, तर यंत्र वापरणे थांबवून मोठ्या माणसांना सांगावे आणि ते जाणकाराच्या हवाली करावे.

एवढे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र केर काढते. परंतु जमिनीवरील वस्तू उचलणे, डबा रिकामा करणे, ब्रशातील केस काढणे आणि अडलेले यंत्र सोडवणे ही कामे उरतातच. ती सारी पुन्हा घरातील एकाच व्यक्तीवर पडली, तर त्या व्यक्तीची वेठ संपली नाही. तिचे रूप मात्र बदलले. यांतील बहुतेक कामे बारा वर्षांच्या मुलामुलींना सहज जमण्यासारखी आहेत. ज्या घरात ती वाटून घेतली जातात, त्याच घरात यंत्राचा खरा लाभ होतो. तेथे केरसुणी कोपऱ्यात विसावते, आणि ती रोज हाती घेणाऱ्या आईलाही थोडे विसावता येते.