गंज वरून दिसतो तेवढाच नसतो

सोनईत मुळा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाची वाहतूक आणि चिखल दोन्ही वाढतात. चाकांच्या वरच्या खोबणीत बसलेला हा ओला चिखल जुन्या गाडीचा खरा शत्रू, कारण लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणूनच रंगाला फुगे येतात आणि पत्र्याचे पापुद्रे सुटतात.

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चेसिस नाही. दाराखालचा पोकळ पट्टा आणि तळाचा पत्राच भार पेलतात. तिथे हातोडीने हलके ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला आणि स्क्रूड्रायव्हर आत घुसला, तर तो कुजलाय. अशा भोकावर लांबी भरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. लांबी भोक झाकते, भार पेलत नाही.

चकाकता पत्रा लागेपर्यंत कापा. तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्डिंगने जोडा. त्याआधी बॅटरीची वायर सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम घोडीवर टेकवा. वेल्डिंगचा हात नसेल तर हे काम कारागिराकडेच द्या. शेवटी जस्ताचा प्रायमर लावा. जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. पाणी निचरण्याची भोके मात्र उघडीच ठेवा.