गळ्यातील ग्रंथी काढल्यानंतर हाडांची काळजी



थायरॉइडची ग्रंथी काढलेल्या आपल्या समाजातील अनेक भगिनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : "सिस्टर, ही गोळी हाडे खाते म्हणतात, ते खरे काय?" काही जणी विचारीत बसत नाहीत. एका भगिनीने शेजारणीचे ऐकून आपली गोळी परस्पर अर्धी केली. काही महिन्यांनी मला भेटली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता आणि भर उन्हाळ्यात तिने स्वेटर घातला होता. म्हणूनच आज हा विषय मी निवडला.

ग्रंथी गेल्यावर थायरॉक्सिन हे द्रव्य शरीरात तयार होत नाही. ते बाहेरून पुरवावे लागते, आणि आपली सकाळची गोळी म्हणजे तेच द्रव्य होय. योग्य प्रमाणात घेतल्यास त्यापासून हाडांना अपाय नाही. अपाय होतो तो अतिरेकाने. आपले हाड दिसते तसे निश्चल नसते. एका जातीच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी, गवंड्यांप्रमाणे, ती जागा भरतात. एका ठिकाणची ही डागडुजी काही महिने चालते. रक्तात थायरॉक्सिन जास्त झाले की दोघांचीही घाई होते. परंतु पोखरणारे पुढे निघून जातात आणि गवंड्यांना खड्डा पुरता भरावयास अवधी मिळत नाही. जर्मन वैद्य फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८९१ साली अशा एका तरुण स्त्रीच्या हाडांचे वर्णन किडीने खाल्ल्यासारखी असे केले. त्या काळी थायरॉक्सिनची गोळी नव्हतीच. ते द्रव्य वेगळे काढले केंडल यांनी, १९१४ साली. त्या स्त्रीच्या स्वतःच्या ग्रंथीनेच हा अतिरेक केला होता.

आता आपल्यापैकी प्रत्येकीने पाहावयाचे ते हे, की ग्रंथी कशासाठी काढली. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला टी.एस.एच. नावाचा हुकूम पाठवीत असते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे असेल तर हुकूम मंदावतो. फार झाले तर जवळजवळ थांबतो. साध्या गाठीसाठी ग्रंथी काढली असेल, तर टी.एस.एच. सामान्य मर्यादेत, म्हणजे साधारण ०.४ ते ४ यांच्या दरम्यान ठेवतात. कर्करोगासाठी काढली असेल, तर गोष्ट निराळी. मागे राहिलेल्या एखाद्या रोगी पेशीला हा हुकूम वाढीस लावू शकतो, म्हणून डॉक्टर जाणूनबुजून गोळी थोडी जास्त देतात. रोग उलटण्याचा धोका मोठा असेल तर टी.एस.एच. ०.१ च्याही खाली ठेवतात; धोका कमी आणि रोगाचा मागमूस नसेल तर ०.५ ते २ पुरे मानतात. वर्षानुवर्षे तो फार खाली राहिला, आणि त्यात मासिक पाळी बंद झालेली असली, तर हाडांची झीज होण्याची शक्यता वाढते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत आणि पुरुषांत हा परिणाम बराच कमी आढळतो. वृद्धांत अशा जादा मात्रेने हृदयाचे ठोकेही अनियमित होऊ शकतात.

पूर्वी कर्करोगाच्या जवळजवळ सर्वच रुग्णांना अशी जादा मात्रा देत असत. पुढे डॉक्टर बदलले, गाव बदलले, आणि कित्येक भगिनी वीस वर्षांपूर्वीचीच मात्रा आजही घेत आहेत, हे मला खटकते. कुपत होलीमच्या डॉक्टरांना वर्षातून एकदा सरळ विचारावे : "माझा टी.एस.एच. किती ठेवायचा आहे, आणि का?" उत्तर 'अजून खालीच ठेवायचा' असे येऊ शकेल. तेव्हा गोळीला हात न लावता हाडे इतर मार्गांनी राखावयाची असतात. मात्रा बदललीच, तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी सांगा, त्यांच्यामुळे टी.एस.एच. खोटाच कमी दिसू शकतो.

हाडांची घनता मोजण्याची तपासणी वेदनारहित असते. तिच्यातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला, तर त्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

आहाराविषयी थोडे अधिक बोलते, कारण येथे आपली रीत आडवी येते. मांसाबरोबर दूध आपणांस वर्ज्य, म्हणून आपल्या आयांनी कालवणापासून हलव्यापर्यंत नारळाचे दूध वापरले. ते रुचकर खरे, पण नावाचेच दूध; कॅल्शियम त्यात नगण्य. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३४० मिलिग्रॅम असते, तेव्हा कोकणातली भाकरी विसरू नये. काट्यांसकट खाल्लेली डब्यातील तारली, दही, आणि सालासकट तिळांचे तेहिना हेही उत्तम. या देशात ऊन मुबलक असले तरी घरात बसणारीला ते मिळत नाही. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. रोज चालावे.

कॅल्शियमची वा लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर कधीही घेऊ नये. चार तासांचे अंतर हवे, नाहीतर थायरॉक्सिन पोटात नीट शोषले जात नाही. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळीही उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर असते आणि नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नसते. त्या दिवशीचा क्रम औषधविक्रेत्याकडून लिहून घ्यावा.

शेवटी किप्पूरच्या उपासाविषयी, कारण दरवर्षी तो प्रश्न येतो. थायरॉक्सिन शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, म्हणून एक दिवसाची गोळी चुकल्याने सहसा काही बिघडत नाही. परंतु थायरॉइडच्या मागे चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा झाली असेल, तर रक्तातील कॅल्शियम केवळ औषधांवर टिकून असते. अशांनी ती औषधे चुकविली, तर काही तासांतच ओठांभोवती व बोटांत मुंग्या येऊ लागतात, पुढे पेटके येतात. त्यांनी उपासाचा निर्णय डॉक्टर आणि राब्बी या दोघांना विचारूनच करावा, आणि तोही एलूल महिन्यातच. सणाच्या तोंडावर दवाखान्यात कोणी हाती लागत नाही.