बांबू तोडायलाच हवा

पावसाळ्यात माणगा जातीच्या बांबूच्या बेटातून दीड इंच जाडीचा कोंब वर आला, की त्या काठीची जाडी तिथेच ठरली. झाडाच्या खोडावर दरवर्षी नवे वलय चढते. बांबू पडला गवताच्या कुळातला, त्याला ती सोयच नाही. सगळी पेरे कोंबातच तयार असतात. दुर्बिणीच्या नळीसारखी ती एकातून एक बाहेर सरकतात आणि तीन-चार महिन्यांत काठी पूर्ण उंची गाठते. पुढे ती फक्त आतून टणक होत जाते.

म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती काढायची. नाही काढली तर बेटात दाटी होते, नवे कोंब वाकडेतिकडे येतात. जुनी काठी वाळते, कुजते आणि तिने हवेतून घेतलेला कार्बन हवेतच परत जातो. तीच काठी छपराला किंवा फर्निचरला लागली तर तो कार्बन तितकी वर्षे अडकून राहतो. काठी तोडली तरी मुळे जमिनीतच असल्यामुळे बांधावरची मातीही जागेवर राहते. बांबू झाडांपेक्षा ३५ टक्के जास्त ऑक्सिजन देतो, हे भाषणांतले वाक्य मात्र सोडून द्यावे. त्याला धड आधार नाही, आणि बांबूचे त्यावाचून काही अडतही नाही.

या गवताला १९२७च्या वन कायद्याने झाड ठरवले होते. वनाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका व्हायला २०१७ उजाडले. जंगलातला बांबू २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज झाला, तरी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती वाहतूक पास पडले ते एप्रिल २०११मध्ये.

आता पैशाचे. सिंधुदुर्गात माणगा बांधावर टिकला, कारण तो बिनकाट्याचा आणि जवळपास भरीव. काटस हा काटेरी बांबू काढायचा तर काट्यांतून वाट काढण्यातच मजुरी जाते. लागवडीच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरवर्षी तोड मिळते, पण काठीतल्या पिठुळ अंशावर भुंगा टपलेला असतो. बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात न मुरवलेल्या काठीचा बघता बघता भुगा होतो. शिवाय पोकळ काठ्यांनी ट्रक लवकर भरतो, वजन मात्र भरत नाही. गिऱ्हाईक लांब असेल तर भाडेच नफा खाते.

काटस लावणाऱ्याने रोपाचे मूळही विचारून घ्यावे. हा बांबू साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी एकदाच फुलतो आणि मरतो. कंदापासून केलेले रोप मूळ बेटाचे वय घेऊनच येते. बेट चाळिशीला आले असेल, तर नवी लागवडही त्याच्याबरोबरच फुलून वाळू शकते.