रंग एकटा चढत नाही : पेशींची वाढ आणि हलालचा सवाल

जनावर न कापता, पेशी वाढवून तयार केलेल्या मांसाची चर्चा मटण-चिकनच्या धंद्यातल्या मंडळींत अधूनमधून निघते. हा माल हलाल आहे का, आणि तो बाजारभावात कधी उतरेल का, हे दोनच सवाल असतात. आमचा धंदा कापडाचा. तरीही आम्ही या विषयाची माहिती जमवली. दोन्ही सवालांचे उत्तर, पेशी ज्या पाण्यात वाढवतात त्या पाण्यात दडलेले आहे.

पाण्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वे घातली तर पेशी काही काळ तग धरतात, पण एकीच्या दोन होत नाहीत. त्यासाठी बाहेरून इशारा लागतो. शरीरात तो रक्तातून मिळतो. म्हणून शास्त्रज्ञ त्या पाण्यात गाभण गाईच्या पोटातील वासराच्या रक्ताचे सीरम मिसळत आले. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव. वाहते रक्त आपल्याकडे हराम, तेव्हा अडचण इथूनच सुरू होते. शिवाय माल महाग आणि प्रत्येक खेपेचा गुण वेगळा.

सीरममध्ये नेमके काय काम करते, हे १९७७ ते १९७९ या काळात अमेरिकेत उंदराच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांतून दिसले. रक्त गोठताना प्लेटलेट नावाच्या कणांतून एक वाढ-घटक बाहेर पडतो. तो पेशींना काही तास देऊन काढून घेतला. पेशी तयार झाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मग प्लेटलेट नसलेला रक्तद्रव दिला, तेव्हा वाढ सुरू झाली. नुसत्या रक्तद्रवाने मात्र काही झाले नव्हते. पिट्युटरी ग्रंथी काढलेल्या उंदरांचा रक्तद्रवही कामाला येईना. त्यात सोमॅटोमेडिन सी हा इन्सुलिनच्या जातीचा हार्मोन मिसळला, तेव्हा काम झाले.

रंगाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. मंजिष्ठेचा लाल रंग नुसता सुतावर पक्का बसत नाही, आधी तुरटी द्यावी लागते. नुसत्या तुरटीने तर कापड पांढरेच राहते. पेशींचेही तसेच : एक घटक तयारी करतो, दुसरा कामाला लावतो.

कॅलिफोर्नियाचे गॉर्डन सातो यांनी हाच धागा धरला. १९७६ मध्ये इझुमी हायाशी यांच्यासोबत त्यांनी दाखवले की सीरमच्या जागी मोजून-मापून हार्मोन आणि वाढ-घटक घातले तरी पेशी वाढतात. प्रत्येक जातीच्या पेशीला मिश्रण वेगळे लागते, हेही पुढे कळले. स्टॅन्ले कोहेन आणि रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना वाढ-घटकांच्या शोधाबद्दल १९८६ चे नोबेल मिळाले.

आता भावाचे बघू. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला मार्क पोस्ट यांनी पेशींपासून केलेला पहिला बर्गर खाऊ घातला. त्याचा खर्च सुमारे अडीच लाख युरो होता आणि पेशी सीरमवर वाढवल्या होत्या. आज सीरम टाळता येते. इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात आणि ते त्या मानाने स्वस्त पडते. महागडे असतात ते वाढ-घटक. अगदी थोडे लागतात, पण पाण्याच्या खर्चात मोठा वाटा त्यांचाच. ते स्वस्त झाल्याशिवाय हा माल आमच्या खाटीक बांधवांच्या गाळ्याला टक्कर देईल असे आम्हाला वाटत नाही.

हलालच्या बाबतीत सिंगापूरकडे पाहावे. तिथे डिसेंबर २०२० मध्ये अशा चिकनच्या विक्रीला परवानगी मिळाली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीला सीरमविना माल बनवण्याचीही मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या इस्लामी धर्म परिषदेच्या फतवा समितीने सांगितले की पेशी हलाल जनावराच्या असतील आणि मालात काही हराम घटक नसेल, तर हे मांस खाता येईल. म्हणजे कुणी असा माल विकायला आणला, तर जनावर कोणते एवढेच विचारून भागणार नाही. पाण्यात सीरम होते का, आणि इन्सुलिन व वाढ-घटक कशापासून बनवले, हेही लेखी मागून घ्यावे.