हिंगुळाचा एक तुकडा

जालना परिसरात कुठे विहिरीचे काम निघाले की मला निरोप येतो. सुरुंग उडाला, काळा दगड फुटला आणि त्याच्या पोटातली एखादी पोकळी उघडी पडली की आत पांढरे, गुलाबी स्फटिक चमकत असतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, मॉर्डेनाइट ही झिओलाइट गटातली खनिजे आणि त्यांच्या सोबतीला अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट. शेतकरी त्यांना सरसकट 'गारा' म्हणतात. तीस वर्षांत अशा गारांनी माझी दोन कपाटे भरली.

घरी येणारा पाहुणा मात्र त्यांच्याकडे फारसे पाहत नाही. त्याचे लक्ष जाते ते एका झाकणाच्या डबीतल्या बोराएवढ्या लाल तुकड्याकडे. जालन्याचे सहा उत्तम नमुने देऊन मी तो एका परिचित संग्राहकाकडून अदलाबदलीत घेतला. सोबत जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी आहे: सिनाबार, अल्माडेन, स्पेन. सिनाबार म्हणजे आपला हिंगूळ, पाऱ्याचे मुख्य खनिज.

'हा आपल्याकडे का मिळत नाही?' हा प्रश्न हटकून येतो. त्याचे उत्तर शोधताना मी जालन्याच्या दगडाविषयीच अधिक शिकलो.

आधी ओळख. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. शुद्ध हिंगुळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८६ ग्रॅम पाराच असतो. त्यामुळे तो हातात घेताच चकवतो. पाण्याच्या आठ पटींहून जड. आपला काळा दगड जेमतेम तिप्पट. एवढा जड असूनही तो मऊ, नखाने ओरखडा उठेल इतपत. खरबरीत पांढऱ्या फरशीवर ओढला तर भडक लाल रेघ उमटते. गेरूच्या जातीचे हेमॅटाइट विटकरी रेघ देते, तर मनशीळ नारिंगी. मनशिळेत आर्सेनिक असते, म्हणून अनोळखी लाल दगड उगाच घासत बसू नये.

हिंगूळ, शेंदूर आणि कुंकू यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. परंपरेने कुंकू हळदीपासून करत. चुना किंवा टाकणखार मिळताच हळद लाल होते. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर हे बहुधा शिशाचे संयुग. पाऱ्याचा तो हिंगूळ. जुन्या पोथ्यांत काळ्या अक्षरांमधून उठून दिसणारे लाल दंड आणि श्लोकांचे आकडे पुष्कळदा त्याच्याच शाईचे असत. रसशास्त्राने हिंगुळाचे चर्मार, शुकतुंड आणि हंसपाद असे तीन प्रकार मानले. आल्याच्या किंवा लिंबाच्या रसाची भावना देऊन त्याचे शोधन करायचे, मग दोन मडकी तोंडाला तोंड लावून, सांधा कापडमातीने बंद करून खालून आच द्यायची. पारा वाफ होऊन वर चढतो आणि वरच्या गार मडक्यात जमतो. या मांडणीला डमरूयंत्र म्हणतात. उलट पारा आणि गंधक एकत्र खलले की काळी कज्जली होते आणि तीच वाळूच्या आचेवर तापवली की लाल रससिंदूर. आज काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा हिंगूळ बहुतेक असा माणसानेच घडवलेला असतो. तो खनिज-नमुना नव्हे. (हे प्रयोग घरी करू नयेत. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही येत नाही.)

भारतात पाऱ्याची चालू खाण नाही. सतराव्या शतकात युरोपीय व्यापारी सुरतेच्या बंदरात पारा आणि हिंगूळ विकायला आणत, ते इथे मागणी होती आणि साठे नव्हते म्हणूनच.

आता जालन्याकडे वळू. आपल्या पायाखालचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. झिजून उरलेला त्याचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे कोमट-गरम पाणी खडकात मुरले, त्याने खडकातले सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम विरघळवून या पोकळ्यांत आणून ठेवले आणि झिओलाइट तयार झाले. म्हणजे आमच्या गारा हा वायू निघून गेल्यानंतर रिकाम्या घरात आलेला बिऱ्हाडकरू.

निघून गेलेल्या त्या वायूंत पाराही होता. पारा चटकन वाफ होणारा. ज्वालामुखीच्या उद्रेकात तो आकाशात जातो, वाऱ्याबरोबर दूरवर पसरतो आणि जमिनीवर, समुद्रात उतरतो. हिंगुळाचा साठा व्हायला वेगळीच परिस्थिती लागते: खाली पाऱ्याचा पुरवठा, वर येण्यासाठी भेगा आणि त्यांतून फिरणारे गंधकयुक्त गरम पाणी. आमच्या बेसाल्टात पारा नावापुरताच उरला.

मग बाकीचा गेला कुठे? याचे एक उत्तर २०१९ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दिले. अंटार्क्टिका, अमेरिका, भारत, इजिप्त, स्वीडन अशा दूरदूरच्या ठिकाणांहून जमवलेल्या त्या काळातल्या शिंपल्यांच्या जीवाश्मांत त्यांनी पारा मोजला. दख्खनच्या उद्रेकांच्या काळातल्या शिंपल्यांत तो वाढलेला आढळला. अलाबामातल्या एका ठिकाणच्या शिंपल्यांत तर तो व्हर्जिनियातल्या आजच्या, कारखान्याच्या पाऱ्याने दूषित झालेल्या नदीतल्या शिंपल्यांइतका भरला. तेव्हा 'आपल्याकडे पारा का नाही' या प्रश्नाला माझे उत्तर ठरले आहे: होता, पण तो जगभर वाटला गेला.

माझ्या डबीतल्या तुकड्याची कथा याच्या उलट आहे. अल्माडेनला निसर्गाने पारा एका जागी साठवला आणि माणसाने तो जगभर वाटला. हे नाव अरबी. 'अल्-मादिन' म्हणजे खाण. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना 'मादनियात' हा शब्द ठाऊक होता, तो याच घरातला. इथे दोन हजारांहून अधिक वर्षे खोदकाम चालले आणि माणसाने आजवर काढलेल्या पाऱ्याचा सुमारे तिसरा हिस्सा इथून निघाला. सोळाव्या शतकापासून हा पारा जहाजांनी अमेरिकेत जाई, तिथे दळलेल्या खनिजातली चांदी तो ओढून घेई. त्या चांदीतला मोठा वाटा कापड आणि मसाल्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात येऊन मोगल टांकसाळींत रुपया झाला. आणि अल्माडेनच्या खोल खाणीत राबायला सक्तमजुरीचे कैदी आणि गुलाम पाठवले जात.

दुसरी मोठी खाण स्लोव्हेनियातल्या इद्रियाची, १४९० पासूनची. तिथे हिंगुळाबरोबर खडकातून पाऱ्याचे थेंबही पाझरत. १७५४ मध्ये तिथे वैद्य म्हणून आलेल्या जोव्हानी स्कोपोली यांनी १७६१ साली खाणकामगारांच्या पारा-विकारांवर ग्रंथ लिहिला. हातापायांचा कंप हे त्या विकाराचे ठळक लक्षण. इद्रियाचे काम १९९५ मध्ये थांबले, अल्माडेनचे या शतकाच्या आरंभी. २०१२ मध्ये युनेस्कोने दोन्ही ठिकाणांना मिळून जागतिक वारसा ठरवले. पुढच्याच वर्षी मिनामाता करार झाला. पाऱ्याच्या नव्या खाणींना त्यात बंदी आहे. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. त्यामुळे या खाणींचे नमुने आता जुन्या संग्रहांतूनच हात बदलतात आणि म्हणून चिठ्ठीला मोल आले आहे. चिठ्ठी हरवली तर उरतो तो फक्त जड, लाल दगड.

एवढे वाचलेल्या माणसाने सावध असायला हवे होते. मी नव्हतो. अल्माडेनचा तुकडा हौसेने खिडकीशी ठेवला. उन्हाने सहा महिन्यांत त्याची एक बाजू काळपट झाली. हिंगूळ उजेडात काळवंडतो, हे मला पुस्तकातून माहीत होते. दुसरी चूक मोठी. त्याच अदलाबदलीत इद्रियाचा एक काळा दगड आला होता, त्यावर मोहरीएवढे पाऱ्याचे तीन थेंब. एकदा पाहिले तर एकच शिल्लक. दोन खालच्या कापसात घरंगळले होते. ते कपाट नात झोपते त्या खोलीत होते. साध्या तापमानालाही पाऱ्याची वाफ होत राहते आणि बंद खोलीत ती साचते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खिडक्या उघडल्या, नातीला दुसऱ्या खोलीत हलवले, थेंब जाड कागदाने बरणीत घेतले. पारा झाडूने लोटू नये, त्याचे बारीक थेंब होऊन वाफ वाढते. तो दगड घट्ट बुचाच्या बरणीत बंद करून एका महाविद्यालयाच्या संग्रहाला देऊन टाकला, चिठ्ठीसकट. हिंगूळ ठेवला, कारण तापवला नाही, कुटला नाही तर तो पुष्कळ स्थिर असतो. पण आता तो बंद डबीत, अंधारात, झोपायच्या खोलीपासून दूर आहे. हाताळल्यावर हात धुतो आणि तो कधीच घासून दाखवत नाही.

या प्रकरणातून माझ्या गारांना मात्र लाभ झाला. माझ्या कपाटातल्या निम्म्या नमुन्यांवर नुसते 'जालना' लिहिलेले होते. आता एकेकाची आठवण काढून गाव, विहिरीची खोली, साल अशा चिठ्ठ्या लिहितो आहे. काही विहिरी बुजल्या, काही खाणींवर वसाहती उभ्या राहिल्या. तिथले दगड पुन्हा मिळायचे नाहीत. यंदा तुमच्या शिवारात विहिरीचे काम निघाले आणि एखादी गार हाती आली, तर ती धुण्याआधी एवढी चिठ्ठी लिहा.